ऑफिसातल्या भेदभावाची तक्रार नेमकी कुठे करायची? (राज्य सरकारी कर्मचारी)

तळमजला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी एका जिल्हास्तरीय कार्यालयात गट-क मध्ये आहे. नोकरीला चौदा वर्षं झाली, या कार्यालयात येऊन चार. तीन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले. उजव्या पायात रॉड आहे आणि कुबडी कायमची. दिव्यांग प्रमाणपत्र ४५ टक्क्यांचं. आधीचे साहेब होते तोवर टपालाचं टेबल माझ्याकडे होतं, तळमजल्यावर. नवे साहेब आले आणि पहिल्याच आठवड्यात माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर, अभिलेख कक्षाच्या दाराशी. लिफ्ट नाही. इमारतीला रॅम्प आहे, पण तो वर जाऊन तीन पायऱ्यांपाशी संपतो. बांधणाऱ्याच्या डोक्यात काय होतं देव जाणे.

तोंडी विनंती केली तर चारचौघांत म्हणाले, "मॅडम, सहानुभूतीचा पगार मिळत नाही." यंदाच्या गोपनीय अहवालात ब-. आधीची सगळी वर्षं ब+ नाहीतर अ. शेऱ्यात काय, तर "हालचाली मंद, कामाचा उरक कमी". आणि परवा आस्थापनेतली मैत्रीण कानात सांगून गेली की माझ्या बदलीचा प्रस्ताव टाइप होतोय.

संघटनेच्या अध्यक्षांना भेटले. "साहेबांशी बोलतो" म्हणाले, त्याला दोन महिने झाले. मला कुणाशी भांडायचं नाही. पण 'माझ्याशी भेदभाव होतोय' असा अर्ज सरकारी नोकराला करता येतो का? आणि कुणाकडे?

रोखठोक

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. साहेब तीन वर्षांत जाईल, तुम्हाला अजून वीस वर्षं काढायचीत. तक्रार केली की मेमोंचा पाऊस सुरू होतो. मी पाहिलंय. जुळवून घ्या.

जुना_कारकून

रोखठोक, पाऊस पडतो म्हणून छत्री घ्यायची की घराबाहेरच पडायचं नाही?

ताई, मी ३४ वर्षं महसुलात काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. मला कायद्याची कलमं वकिलांइतकी येत नाहीत, पण कागद येतो. तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट खटकली. "तोंडी विनंती केली." सरकारात तोंडी बोललेलं घडलेलंच नसतं. तुमचं टेबल हलवलं त्याचा लेखी आदेश आहे का? कार्यविभाजनाचा आदेश निघाला असेल तर त्याची प्रत मागा. नसेल, तर "अमुक तारखेपासून तोंडी आदेशानुसार दुसऱ्या मजल्यावर काम करत आहे" असं तुम्हीच लेखी कळवा. साहेबांनी नाकारलं तर टेबल खाली आणा, नाही नाकारलं तर पुरावा झाला.

अर्ज दोन प्रतींत. एक बारनिशीत (आवक-जावक टपालाच्या टेबलावर) द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही घ्यायची. क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे रद्दी. मी स्वतः एकदा असा अर्ज घेऊन बारनिशीत गेलो, तर टपाल घेणारा माझाच जोडीदार, रोज एका डब्यात जेवणारा. खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, साहेबांनी तुमचं टपाल घ्यायला नाही सांगितलंय." त्याला काय बोलणार? पोरंबाळं त्यालाही आहेत. पोस्टात गेलो आणि पोचपावतीसह पाठवला. आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, पण पोचपावतीची सोय आहे. कार्यालयाच्या ईमेलवरही टाका.

वरिष्ठांना लिहायचं तर 'योग्य मार्गाने', म्हणजे तुमच्याच साहेबांमार्फत. पण 'आगाऊ प्रत' म्हणून एक थेट वर पाठवायची आणि तसं अर्जावर लिहायचं. साहेबांनी तुमचा कागद दाबला तरी वरच्या टेबलावर तो पोचलेला असतो.

अजून एक. आमदाराचं पत्र आणू नका. वर्तणूक नियम, १९७९ प्रमाणे सेवेच्या बाबीत बाहेरचं वजन वापरणं हीच गैरवर्तणूक. खरी तक्रार असलेली माणसं नेमकी इथे पाय घसरून पडतात.

मॅटची_पायरी

जुना_कारकून यांना दंडवत. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पक्षकारांनी एवढं केलं असतं तर आमचं काम सोपं झालं असतं (आणि फी कमी).

मी सेवाविषयक प्रकरणं चालवतो. तळमजला, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की आपल्याकडे 'कामाच्या ठिकाणचा भेदभाव' या नावाचा एकच एक कायदा नाही, की एक अर्ज केला आणि झालं. संविधानात समानतेचे अनुच्छेद १४ आणि १६ आहेत. पण प्रत्यक्षात भेदभाव कशावरून झाला, दिव्यांगत्व, जात की बाई असणं, त्यावरून खिडकी बदलते. आणि तो कोणत्या कागदातून झाला, त्यावरून घड्याळ बदलतं. म्हणून "साहेब मला त्रास देतात" असा मोघम अर्ज करू नका. तो फायलीत जातो आणि तिथेच राहतो. आदेश धरा, शेरा धरा, तारीख धरा.

तुमची तीन दुखणी आहेत आणि तिघांची औषधं वेगळी.

टेबलाचं आधी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. कलम २० प्रमाणे कोणतीही शासकीय आस्थापना नोकरीच्या बाबतीत दिव्यांग कर्मचाऱ्याशी भेदभाव करू शकत नाही, आणि अडथळामुक्त जागा व वाजवी सोयी देणं तिच्यावर बंधनकारक आहे. ही मेहेरबानी नव्हे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्या पदाचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे त्याच्यासाठी वाढवलेलं जादा पद.

आता कलम २३ नीट वाचा. प्रत्येक शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे. त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. त्याशिवाय पुण्याला दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की तीन महिन्यांत काय केलं ते कार्यालयाला कळवावं लागतं.

बहुतेक कार्यालयांत हा अधिकारी नेमलेलाच नसतो. म्हणून तुमचा पहिला अर्ज दोन ओळींचा: "कलम २३ खालील तक्रार निवारण अधिकाऱ्यांचं नाव व पदनाम कळवावे." बघा काय गंमत होते.

गोपनीय अहवाल आणि बदलीबद्दल रात्री लिहितो, आत्ता बोर्डावर नंबर आलाय.

झेडपी_गुरुजी

चांगला धागा. पण आम्हा जिल्हा परिषदवाल्यांचं काय? आमच्या केंद्रात एका शिक्षिकेला मुद्दाम दरवर्षी सर्वेक्षणाची लांबची गावं देतात. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाता येईल?

बेलापूरकर

मी केंद्राचा कर्मचारी, आमचं कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण). एक अनुभव सांगतो. सीपीग्राम्सवर (केंद्राच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर) तक्रार टाकायचा मोह सगळ्यांना होतो, कारण मोबाइलवरून पाच मिनिटांत होतं. पण सरकारी नोकराच्या सेवाविषयक तक्रारी तिथे घेतच नाहीत, आधी खात्यातले मार्ग संपवलेले असल्याशिवाय. आमच्या एका सहकाऱ्याने थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. पत्र फिरत फिरत त्याच्याच विभागप्रमुखाकडे आलं, सोबत ३१ ऑगस्ट २०१५ च्या कार्यालयीन ज्ञापनाची आठवण, की वरिष्ठांना डावलून असे अर्ज करणं वर्तणूक नियमांत बसत नाही. तक्रार राहिली बाजूला, पठ्ठ्या खुलासा लिहीत बसला.

मॅटची_पायरी

@झेडपी_गुरुजी, नाही. मॅट राज्य शासनाच्या नोकरांसाठी. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना शिस्तभंगाच्या नियमांखाली अपील आणि मग थेट उच्च न्यायालय. तुमच्या भागाला आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईची खेप वाचली. खाजगी अनुदानित शाळा असेल तर मात्र १९७७ च्या कायद्याखालचं शाळा न्यायाधिकरण. कुठलं दार आपलं हे आधी बघा. चुकीच्या दारात दोन वर्षं उभे राहिलेले लोक मी पाहिलेत.

तळमजला, तुमचा अहवाल. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलं की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, निव्वळ प्रतिकूल नव्हे. प्रत मिळाली त्या तारखेची नोंद ठेवा आणि सोबतच्या पत्रात दिलेल्या मुदतीत अभिवेदन (वरिष्ठांकडे लेखी म्हणणं) करा. त्यात रडगाणं नको. "हालचाली मंद" हा शेरा दिव्यांगत्वावर आहे, कामावर नाही, हे एक वाक्य पुरे. आणि सोबत आकडे जोडा. किती टपाल नोंदलं, किती प्रकरणं निकाली काढली, प्रलंबित किती.

बदली. २००५ चा बदल्यांचा कायदा. सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं, पण मंत्रालयाबाहेरच्या गट-क ला त्या कार्यालयात असे दोन पूर्ण कालावधी. म्हणजे सहा वर्षं. तुमची चारच झालीत. मुदतीआधी बदली करायची तर विशेष कारण लेखी नोंदवावं लागतं आणि बदली करणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. "प्रशासकीय कारणास्तव" एवढ्यावर मॅटमध्ये कित्येक आदेश टिकलेले नाहीत. आदेश निघाला तर त्या दिवशी धावत या. एकतर्फी कार्यमुक्त झाल्यावर स्थगिती मिळवणं जड जातं.

तळमजला

खूप खूप आभार. डोळ्यांत पाणी आलं हो वाचताना. एक विचारते. आधी खात्यातच दाद मागायला हवी ना? मग थेट मॅट कसं?

मॅटची_पायरी

१९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २० मध्ये, खात्यातले उपाय संपल्याशिवाय अर्ज 'सामान्यतः' घ्यायचा नाही, असा शब्द आहे. त्या एका शब्दावर बदलीची प्रकरणं थेट दाखल होतात. बाकी बाबतीत आधी अपील किंवा अभिवेदन करायचं आणि उत्तराची सहा महिने वाट पाहायची. उत्तर आलं तर त्या तारखेपासून एक वर्ष, नाही आलं तर सहा महिने संपल्यापासून एक वर्ष.

आता ठळक अक्षरांत समजा: स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. आपल्या माणसांना वाटतं, स्मरणपत्र क्र. ७ पाठवलं म्हणजे प्रकरण जिवंत आहे. १९८९ मध्ये एस. एस. राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी हा भ्रम मोडलाय. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण "साहेब म्हणाले होते बघतो" हे काही विलंबाचं कारण होत नाही. शिक्षेच्या आदेशावर अपील असेल तर मुदत ४५ दिवस, ती वेगळी.

भीमातीर

इतके दिवस लिहू की नको करत होतो.

मी एका बांधकाम खात्यात अभियंता आहे, अनुसूचित जातीचा. आमच्याकडे कुणी शिवी देत नाही. आमच्याकडे चहा येतो. सगळ्यांना काचेच्या ग्लासात, मला कागदी कपात. पहिल्या दिवशी वाटलं ग्लास कमी पडला असेल. महिनाभराने मोजले. ट्रेमध्ये आठ ग्लास, आम्ही माणसंही आठ. एक ग्लास रोज रिकामा परत जायचा. चहा देणाऱ्या पोराला विचारलं तर रडायला लागला.

याची तक्रार कुठल्या कलमात करायची ते सांगा. पुढे एकदा केबिनमध्ये, दार लावून, "कोट्यातल्यांना एस्टिमेट जमत नाही" हे ऐकवलं. ॲट्रॉसिटी दाखल करायला गेलो तर वकील म्हणाले, साक्षीदार कोण?

मॅटची_पायरी

वाचून सुन्न झालो. वकिलांनी विचारलं ते दुर्दैवाने बरोबर आहे. जातीवरून अपमानाची कलमं 'लोकांच्या नजरेसमोर' घडण्यावर अवलंबून आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका महसूल निरीक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच धरलं. शिवीगाळ त्यांच्याच कार्यालयातल्या दालनात झाली, त्या क्षणी तिथे बाहेरचं कुणी नव्हतं, म्हणून गुन्हा रद्द. माझं व्यक्तिगत मत विचाराल तर सरकारी कार्यालयातला अपमान बहुतेक वेळा बंद दाराआडच होतो, आणि या निकषाने तोच निसटतो.

पण फौजदारी हा एकच रस्ता नाही. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे सेवेतल्या अन्यायाची तक्रार जाते, पुण्यात कार्यालय आहे. आयोग समन्स काढतो, फाईल मागवतो. साहेबाला फाईल घेऊन जातीने हजर राहावं लागतं, याचा परिणाम होतो. दोन गोष्टी मात्र माहीत असू द्या. आयोग स्थगिती देऊ शकत नाही, हे १९९६ मध्येच ठरलंय. आणि प्रकरण न्यायालयात गेलं की आयोग हात काढून घेतो. म्हणून क्रम विचार करून ठरवा.

पदोन्नतीत किंवा बिंदुनामावलीत (आरक्षित पदांच्या क्रमाच्या नोंदवहीत) गडबड असेल तर विभागीय आयुक्तांकडचा मागासवर्ग कक्ष, आपला 'मावक'. नामावली तपासून घेणं त्यांचंच काम.

जुना_कारकून

भीमातीर, तो रिकामा ग्लास डोळ्यांपुढून जात नाही. आमच्या काळात माठ वेगळा असायचा. मी त्या माठावर बोललो नव्हतो. एवढंच.

रोजनिशी ठेवा. तारीख, वेळ, कोण हजर, नेमके शब्द. त्याच दिवशी लिहा. स्वतःला ईमेल केलीत तर तारीख आपोआप पक्की होते.

प्राजक्ता_ठाणे

मी आमच्या कार्यालयाच्या अंतर्गत समितीची सदस्य आहे (लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३). बायकांसाठी थोडक्यात: शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्याची बदली, किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा, हे तुम्ही लेखी मागितलं तरच समिती सुचवू शकते. मागायलाच हवं. कंत्राटी, रोजंदारी, प्रशिक्षणार्थी सगळ्या यात येतात. कार्यालयप्रमुखच आरोपी असेल तर आपल्या समितीकडे येऊ नका, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

आमच्याकडे आलेल्या काही तक्रारी मात्र या कायद्यात बसत नव्हत्या. "बाई आहे, फील्डचं काम नको", "प्रसूती रजा घेतली म्हणून पदभार काढला." हा भेदभाव आहेच, पण एरवी त्याची दाद वरच्याच मार्गाने. आम्ही कागद परत करताना बाईचा चेहरा बघवत नाही. आणि "सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच उलटेल" ही भीती काढून टाका. पुरावा अपुरा पडणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, असं कायद्यातच लिहिलंय.

रोखठोक

माझी पोस्ट जरा जास्तच झाली होती, मान्य. पण कुणीतरी हेही सांगा की लोकायुक्त, मानवी हक्क आयोग, आपले सरकार यांच्यामागे धावून काय होतं. मी धावलोय. लोकायुक्तांचं उत्तर आलं की नेमणूक, शिस्तभंग, सेवाशर्ती आमच्या कक्षेत नाहीत, पेन्शन-ग्रॅच्युइटी असेल तर या. मानवी हक्क आयोगाचंही तसंच, सेवेची बाब म्हणून परत. सात महिने गेले. तेव्हा कुणी हा धागा काढला असता तर बरं झालं असतं.

बेलापूरकर

+१. अवांतर: माहिती अधिकार विसरू नका. स्वतःच्या बदलीवरची टिपणी, नागरी सेवा मंडळाचं इतिवृत्त, अहवालाची प्रत, सगळं मागता येतं. दहा रुपयांचं तिकीट.

जुना_कारकून

आणि महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत, एका अर्जात एकच विषय. नाहीतर तेवढ्यावरून परत. दुसऱ्याचा गोपनीय अहवाल मात्र मागू नका, तो मिळत नाही, २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाचा दाखला देऊन नाकारतात. "मला ब- आणि त्याला अ कसं" हे माहिती अधिकारात सिद्ध होत नाही. ते न्यायाधिकरण मागवेल तेव्हा.

मंडळी, कुणीही कार्यालयाचं किंवा साहेबांचं नाव इथे लिहू नका. जुलै २०२५ चा समाजमाध्यमांबद्दलचा शासन निर्णय वाचलात ना? उगाच हातात कोलीत नको.

तळमजला

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. काही जणांचे व्यक्तिगत निरोप आले होते, म्हणून इथेच लिहिते.

मॅटची_पायरी यांनी सांगितलेला दोन ओळींचा अर्ज दिला. बारनिशीत शिक्का मिळाला, त्या मुलाने माझ्याकडे न बघता मारला. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी दोन मेमो, दोन्ही उशिरा येण्याबद्दल. दोन्हींना मुदतीत खुलासा दिला, बायोमेट्रिकच्या नोंदी जोडून. एका दिवशी मी नऊ चाळीसला आले होते आणि तीन पायऱ्या व दोन मजले चढून मशीनपाशी पोचायला नऊ एकोणपन्नास झाले होते, हेही लिहिलं. मशीन दुसऱ्या मजल्यावरच आहे.

मग एक दिवस आदेश निघाला: तक्रार निवारण अधिकारी म्हणून आस्थापनेच्या नायब तहसीलदार मॅडमची नेमणूक. आदेशाची तारीख माझ्या अर्जानंतरची. मी लगेच सविस्तर तक्रार दिली. बदलीचा प्रस्ताव सध्या तरी थांबलाय, असं मैत्रीण म्हणते. अहवालावरचं अभिवेदन वर गेलंय, आगाऊ प्रतही पोचली.

नायब तहसीलदार मॅडमनी मला बोलावलं, खाली, अभ्यागतांच्या बाकावर येऊन स्वतः बसल्या. शिपायाला पाठवून बाजारातून नवी कोरी नोंदवही आणवली. पट्टीने रकाने आखले. मथळा लिहिला. मग माझ्यासमोर पहिली नोंद घातली: अनुक्रमांक १, आणि माझं नाव.

भीमातीर

टेबल?

तळमजला

अजून वरच. दोन आठवडे गुरुवारी पुरे होतात.

जुना_कारकून

शुक्रवारी सकाळी जिल्हास्तरीय समितीचा अर्ज तयार ठेवा ताई. दोन प्रतींत.